मेणाच्या सांध्याचा वैशाख

स्वस्ति श्री तप्तमलकापूरनिवासी, सूक्ष्मकणसंचारसेनापती, टाकणखारतत्त्वविशारद, भग्नकाचपात्रप्रतिपालक, विज्ञानशिक्षकशिरोमणी सर,

ही बिरुदावली वाचून आपण चष्मा कपाळावर सारून विचारले असते, "काय बे, पगार वाढला का तुहा?" नाही वाढला.

महाराष्ट्र राज्य नुकतेच जन्मास आले होते आणि आपण शाळेच्या मागील खोलीत सूर्यास जन्म देण्याच्या खटपटीत होता. मी आपला कनिष्ठ सहशिक्षक, म्हणजे हातपंप फिरवणारे सजीव यंत्र. काचनळीतील हवा उपसायची आणि हायड्रोजनची केंद्रके विजेच्या दाबाने सराफाकडून आणलेल्या टाकणखारातील बोरॉनवर आदळवायची. त्या संयोगातून हेलियम आणि ऊर्जा. "ना धूर, ना राख," आपण म्हणत असा, "एक चमक दिसली पाह्यजे, बस." त्या चमकेस्तव हिवाळ्यामागून हिवाळे आपण नळीचे सांधे मेण-राळेने लिंपत होता, आणि तारकांच्या तापमानाची ईर्षा धरणारी आपली प्रयोगशाळा दर वैशाखात मलकापूरच्या उन्हाकडून पराभूत होई. मेण मऊ पडे, हवा आत शिरे.

अखेरच्या वैशाखात आपण अंथरुणास खिळलेले आहात. मुख्याध्यापकांच्या खोलीतला टेबलपंखा मी विनापरवाना उचलून आपल्या उशाशी आणतो. आपण डोळे उघडता. "मले काऊन लावून राह्यला बे? सांध्याले लाव. मेण वितळून राह्यलं असन." मी हसतो. आपण हसत नाही. आज्ञेप्रमाणे मी पंखा शाळेत नेऊन सांध्यासमोर ठेवला. परतलो, तेव्हा आपले अंगण माणसांनी भरले होते.

आता उत्तम रबरी कड्या मिळतात, पंप विजेवर चालतो. सारे सिद्ध आहे. हवा शिरते ती एकाच सांध्यातून, आपण स्वहस्ते लिंपलेल्या शेवटच्या. त्यावर आपल्या अंगठ्याचा ठसा आहे. तो खरवडून रबरी कडी बसवली की प्रयोग होईल. विद्यार्थ्यांना मी गंभीर मुद्रेने सांगतो, पूर्वतयारी चालू आहे. आपण नवा पत्ता न कळवताच गेलात, म्हणून हे पत्र खणातच राहील. कबुली मात्र दिली.

परंतु तो पंखा! इतके उन्हाळे त्यानेच ठसा राखला, आणि आता त्याची मान अडकली आहे. सारा वारा भिंतीस. मिस्त्री "उद्या येतो ना सर" म्हणून गेला. वैशाख तोंडावर आला आहे, मिस्त्रीचा पत्ता नाही.