मालक आला नाही

प्रिय चिमे,

पत्र लिहायला बसलो आणि मायन्याच्या पुढे सरकेना. पस्तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, मायन्याला किती गुण आणि शेवटाला किती हे अजून तोंडपाठ आहे, आणि स्वतःच्या मुलीला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. आजवर आईच्या पत्राखाली 'तब्येत सांभाळ' एवढं लिहून सही ठोकत आलो. फोनवरही आपलं तेवढंच. तू आईशी अर्धा तास बोलतेस, मग ती फोन माझ्या हातात कोंबते, मी विचारतो बरी आहेस ना, तू म्हणतेस बरी आहे, आणि दोघंही सुटतो. नऊ वर्षं तू या घरी आली नाहीस. आईला तिकडे बोलावून घेतेस, मला बोलावत नाहीस, आणि मीही कधी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, त्याची धास्ती असावी. पत्राचं कारण शेवटी सांगतो. आधी बातमी.

शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत. हल्लीच्या मोठ्या बाई महिन्यापूर्वी घरी आल्या होत्या. तरतरीत आहेत, चहा गार होईपर्यंत बोलतात. या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शाळेच्या जुन्या गोष्टींचं प्रदर्शन मांडायचं आहे आणि त्यात मधोमध ठेवायचं आहे आपलं सापडलेल्या वस्तूंचं कपाट. ते लावून द्यायला मी यावं अशी त्यांची इच्छा. निवृत्त माणसाला कोणी बोलावलं की तो आढेवेढे घेतो ते फक्त रीत म्हणून. दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच मी शाळेच्या फाटकात हजर होतो.

कपाट तुला आठवत असेलच, तरी लिहितो, कारण त्याचे नियम मी केलेले आणि त्यांचा मला फार अभिमान. कुणाला काही सापडलं, अगदी खोडरबराचा तुकडा, तरी तो माझ्याकडे आणून द्यायचा. मी तो वहीत नोंदवायचो. वहीत चार रकाने : तारीख, वस्तू, आणून देणाऱ्याचं नाव, मालकाची सही. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी वस्तू आणि आणून देणाऱ्याचं नाव वाचून दाखवायचो, अख्खी शाळा टाळ्या वाजवायची. मालकानं स्वतः यायचं, वस्तूची एक तरी ओळखीची खूण सांगायची, सही करायची आणि घेऊन जायचं. खूण सांगता आली नाही तर वस्तू नाही, मग तो कुणाचाही कोणी असो. जिला मालक मिळाला नाही ती टाकायचीही नाही आणि कुणाला द्यायचीही नाही. दुसऱ्याची वस्तू ती दुसऱ्याचीच. शिपाईमामा दर वर्षाअखेर अशा बेवारशी वस्तू कापडी पिशवीत बांधून वर साल लिहायचे. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी जे काही बडबडत असेन त्यातलं मुलांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, पण कपाट चालायचं. बाहेरच्या शाळांतून लोक बघायला यायचे.

तर त्या पिशव्या आणि वह्या घेऊन मी चार दिवस प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसलो. पन्नास छत्र्यांचे दांडे आणि शेकड्यानं टोपणं. एका साली कुणीतरी दात सरळ करायचा तारेचा चिमटा आणून दिला होता, तोही मी इमानदारीत नोंदवलेला. आणि तू सातवीत होतीस त्या सालच्या वहीत आणून देणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव दिसलं. एकदा नाही, दहा वेळा. कंपासपेटी. रेघांचा रुमाल. डब्याचं झाकण. एका पायातला मोजा. लोकरी टोपी, लाल. पुढेही असंच. अक्षर माझंच, आणि प्रत्येकीपुढे चौथ्या रकान्यात लाल शाईनं माझाच शेरा : मालक आला नाही.

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. एका वर्षात दहा वस्तू म्हणजे शाळेचा विक्रमच. मोठ्या बाईंना वही दाखवली तर त्या लगेच म्हणाल्या की संमेलनात माझा सत्कार तर आहेच, शिवाय या वर्षीपासून प्रामाणिक विद्यार्थ्यासाठी माझ्या नावानं बक्षीस सुरू करायचं आहे, ते पहिल्यांदा माझ्याच मुलीच्या हस्ते द्यावं, याहून शोभेसं काय. मी त्या सालची पिशवी आईला दाखवायला घरी घेऊन आलो.

आई कपडे घड्या करत होती. मी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि वही उघडून वाचायला लागलो, जवळजवळ परिपाठातल्याच आवाजात. चौथ्या नोंदीपाशी लक्षात आलं की ती ऐकत नाही. तिनं लाल टोपी उचलली होती आणि उलटी करून आतली शिवण बघत होती. मग ती खाली बसली. मोजा घेतला, रुमाल घेतला, झाकण घेतलं, एकेक नीट रांगेत मांडलं. शेवटी म्हणाली, "अहो, हे सगळं चिमीचंच आहे. ही टोपी मी विणली होती. तुम्हाला एकही वस्तू ओळखू आली नाही?"

चिमे, नाही आली. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. त्या वस्तू रोज माझ्या समोरून घराबाहेर पडायच्या आणि शाळेत माझ्याच हातात यायच्या. मी त्यांचं वर्णन नोंदवायचो आणि अख्ख्या शाळेला विचारायचो, ही कुणाची आहे? काखेत कळसा अन् गावाला वळसा ही म्हण मी दर वर्षी पाचवीला अर्थासकट शिकवत होतो.

मग एकेक आठवायला लागलं, आणि आठवू नये असं वाटलं तरी थांबेना. त्या वर्षी तू घरात वेंधळी ठरली होतीस. आज काय हरवलं, असं आई तुला दारातच विचारायची. जेवताना मी तुला वस्तूंची काळजी कशी घ्यावी यावर व्याख्यान द्यायचो. एकदा कंपासपेटीपायी चांगला तासभर झोडपलं, शब्दांनीच, पण झोडपलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कंपासपेटीबद्दल तुझं नाव वाचून शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. तू दोन्ही गोष्टी मुकाट ऐकून घेतल्यास. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर हसू आवरलं नसतं.

हे तू का करत होतीस ते कळायला मला आणखी दोन दिवस लागले. कारण त्याच्या आदल्या वर्षात होतं. सहावीत गाण्याच्या बाईंनी संमेलनाच्या नाटकात तुला मुख्य भूमिका दिली होती. नाटक मीच लिहिलेलं, खरं बोलणाऱ्या मुलीचं. तू तालमीत फार चांगलं करायचीस असं बाई सांगत होत्या. मी बघितलं नव्हतं. मी तुझं नाव काढायला लावलं आणि ती भूमिका पोस्टमास्तरांच्या मुलीला दिली. तुला माझी मुलगी म्हणून घेतलं असं लोक म्हणाले असते. तुला पडदा ओढायचं काम दिलं. पडदा एकदाही अडकला नाही, हे मी तेव्हाच्या मुख्याध्यापकांना कौतुकानं सांगितलं होतं. तुला सांगितलं नाही. वक्तृत्वात तुझा पहिला नंबर आला तो मी परीक्षकांना सांगून दुसरा करवला. वर्गात तुझा हात वर असला की मी शेजारणीला उत्तर विचारायचो. शाळेत मला सर म्हणायचं हे तर पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. एकदा व्हरांड्यात चुकून बाबा म्हणालीस तर मी मागे वळलो नाही. मला वाटायचं, निःपक्षपातीपणा याहून वेगळा काय असतो. सगळ्यांना समान न्याय द्यायचा होता आणि मी तुला एकटीलाच कमी दिला.

पण कपाटाच्या नियमाला माझ्याकडेही पळवाट नव्हती. वस्तू आणून दिली की नाव वाचायलाच हवं. सगळ्या शाळेत तेवढी एकच फट होती जिथून मला तुझं नाव घ्यावं लागत होतं, आणि अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं ती बरोबर शोधून काढली. घरातून एकेक वस्तू आणायची, शिव्या खायच्या, पण सकाळी सगळ्यांसमोर बाबांच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं.

तेही मी बंद केलं. दहाव्या वस्तूनंतर तुला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. लोकांना वाटेल की मी घरून पढवून पाठवतो, तेव्हा यापुढे वस्तू खुशाल आणून दे, नाव वाचणार नाही, असं सांगितलं. तू म्हणालीस, "चालेल, सर." इतकंच. मी निवांतपणे वह्या तपासायला लागलो, आणि मनात म्हटलंही असेन की पोरगी समंजस आहे.

वहीत त्यानंतर चार दिवसांनी एक नोंद आहे. शार्पनर, गोल, जुने. आणून देणाऱ्याच्या रकान्यात रेघ. शिपाईमामांना विचारलं, त्यांना आता थोडं कमी ऐकू येतं पण डोकं शाबूत आहे. म्हणाले, चिमीताई माझ्याकडे देऊन गेली होती, नाव नका सांगू म्हणाली होती. ते शार्पनर पिशवीच्या तळाशी होतं. पृथ्वीच्या गोलाच्या आकाराचं, समुद्राचा निळा रंग बराचसा उडालेला. आईला विचारलं, हे तरी कुठून आणलं होतं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मी शिक्षक प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा तुझ्यासाठी आणलं होतं म्हणे. मी स्वतः. तू ते उशाशी घेऊन झोपायचीस. मला त्यातलं काहीही आठवत नाही, आणि आठवतं असं इथे लिहिणं मला जमणार नाही.

त्यानंतर तू काही आणून दिलं नाहीस आणि तुझं काही हरवलंही नाही. मी समजलो, सुधारली.

पुढचं तुला माहीत आहे. तू नाटकाच्या दिव्यांचं काम शिकलीस. प्रेक्षकांच्या मागच्या अंधाऱ्या खोपटात बसून दुसऱ्यांवर उजेड पाडायचा, असं आई मला समजावून सांगते. पहिल्या प्रयोगाला तू मला बोलावलं होतंस, पत्रिकेवर स्वतःच्या हातानं 'बाबा नक्की या' असं लिहून. त्याच दिवशी शाळेचं संमेलन होतं. मी कळवलं की दोनशे मुलं सोडून कसा येऊ, तू समजून घेशील. तू समजून घेतलंस. गेली नऊ वर्षं समजूनच घेते आहेस.

आता पत्राचं कारण. बक्षीस द्यायला तू यावंस म्हणून मोठ्या बाईंनी तुला कळवलं आणि तू एका ओळीत नकार दिलास. मी तुझं मन वळवावं अशी त्यांनी गळ घातली आणि त्यासाठीच मी हा कागद पुढ्यात घेतला होता. आईनं विचारलं, तारीख बघितलीत का? येत्या शनिवारी संमेलन, आणि शनिवारीच तुझ्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. काल शाळेत जाऊन सांगून आलो की बक्षिसाला माझं नाव नको आणि सत्काराला मी नाही. त्यांनी कारण विचारलं तेव्हा ती वही पुढे केली. कपाट प्रदर्शनात मांडा म्हणालो, फक्त ही एक पिशवी नेतो. तर शनिवारी मी तिकडे येतोय. तिकीट काढलं आहे, तुझ्यापाशी मागितलं नाही. प्रयोग संपला की पिशवी घेऊन मागच्या दाराशी उभा राहीन. पिशवी तुझी, पण तुला हरवून बसलेला मी, आणि माझाच नियम आहे, मालकानं स्वतः यावं आणि खूण सांगावी, म्हणून काल रात्री तुझ्या ओळखीच्या खुणा एका कागदावर लिहायला बसलो. हनुवटीवरचा व्रण, डावखुरेपणा, हसताना मान कलती करणं, एकूण सात झाल्या, आणि सातही मला आईनं सांगितलेल्या निघाल्या. माझी अशी एकही नाही. नियमानं तू मला काहीच परत द्यायचं नाहीस, आणि दिलं नाहीस तर मी तक्रार करणार नाही. तरी मी येऊन उभा राहतो. माझ्या अंगावर तपकिरी कोट असेल. आई म्हणते तू तो लांबूनही ओळखशील.

तुझाच,
बाबा
(सर नव्हे)