खालची मेणबत्ती

९ ऑक्टोबर
विदिनहून प्लोवदिवला पोचलो. खोली छान आहे, खिडकीखाली द्राक्षाचा मांडव. घरमालकिणीने आल्याआल्या भाजलेल्या मिरच्या आणि पाव वाढला. दुपारी स्टुडिओ पाहिला. मालक स्तामेनकाका स्वतः हिंडवून दाखवत होते. फार वर्षांपूर्वी इथल्या दालनात सोळा व्हायोलिनवादक बसवून एकेक स्वर ध्वनिमुद्रित केला होता: हळू, मोठा, गज वर जाताना, गज खाली येताना. आता संगणकाला जोडलेल्या पियानोची पट्टी दाबली की ते सोळा वाजतात. त्यांतले बरेच हयात नाहीत. त्यांचा आवाज खऱ्या वाद्यवृंदासारखा भरदार करायचा, हे माझं काम. विदिनच्या वाद्यवृंदात मी शेवटच्या खुर्चीवर होतो. इथे सोळाच्या सोळा माझे.

१५ ऑक्टोबर
आवाज पातळ का लागतो ते कळलं. सगळे एकाच क्षणी सुरू होतात, कवायतीसारखे. माणसं तशी वाजवत नाहीत. म्हणून कुणाला केसभर उशिरा आणतो, कुणाला किंचित बेसूर करतो, सगळ्यांवर एकाच दालनाचा घुमारा चढवतो. एका ओळीला दिवस जातो. मग स्टुडिओची व्हायोलिनवादक झोर्नित्सा येते, वरून एक खरं व्हायोलिन वाजवते आणि कोट चढवून निघून जाते. गज टेकवण्याआधी ती नाकाने श्वास ओढते. तो प्रत्येक श्वास मी कापून टाकतो.

घेवड्याचं सूप मी रटरटवायचं, पुदिना तिने चुरडायचा, आणि लोकांनी पुदिन्याला नावाजायचं.

ती मला दादा म्हणते. विदिनला कुठे बसायचो ते तिने काढून घेतलं आणि हसली. “बरं झालं दादा. मागे कुणी बसतं म्हणून तर आम्ही पुढे.”

२७ ऑक्टोबर
ज्या चित्रपटाला आम्ही संगीत देतोय त्याचा दिग्दर्शक आला होता. ऐकून म्हणाला, या मुलीने मेलेल्यांना उठवलं. मग माझ्याकडे वळून कॉफी मिळेल का विचारलं. मी करून आणली.

चित्रपटावर संगीतासाठी स्टुडिओतलं एकच नाव जाणार आहे. काकांना माझ्या नावाचं विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले,

“तिच्याशिवाय आवाज भरून दाखव, ल्यूबेन. मग तुझं.”

२ नोव्हेंबर
भरत नाही. सगळं केलं. तिचं व्हायोलिन काढलं की सोळा जण पुठ्ठ्याचे होतात. ती दारातून डोकावली, थोडं ऐकलं, म्हणाली, दादा, छान आहे हो. तिला तसं वाटत होतं, हे जास्त लागलं.

५ नोव्हेंबर
पितरांचा शनिवार. उकडलेले गहू घेऊन चर्चमध्ये गेलो. आईने शिकवलंय: जिवंतांची मेणबत्ती वरच्या तबकात, गेलेल्यांची खाली वाळूत. बाबांसाठी खाली लावली. शेजारी आणखी एक लावली. झोर्नित्साचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. शेजारच्या म्हातारीने विचारलं, कोण गेलं. बहीण, म्हणालो. तिने मूठभर गहू हातावर ठेवले. ते खाल्ले.

८ नोव्हेंबर
झोर्नित्सा तापाने पडली आहे. आज तिच्याशिवाय पट्टी दाबली आणि आवाज भरला. तळापासून वरपर्यंत. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान आडवी हलवली, आमच्याकडे होकाराला हलवतात तशी. हो. माझं नाव.

९ नोव्हेंबर
काकांनी विचारलं, तिचं वाजवणं कधी घेतलंस. घेतलेलं नाही. पुन्हा ऐकलं. स्वराच्या आधी, नाकाने ओढलेला श्वास. कापला. पट्टी दाबली. आहे. दुसरी दाबली. आहे.

११ नोव्हेंबर
स्टुडिओच्या दारावर तिचा फोटो. काळी चौकट. काका रडले. म्हणाले, नाव तिचंच जाईल, शेवटचं वाजवणं तिचं आहे, ऐकू येतंय ना. ऐकू येतंय. पहिल्या खुर्चीवरून. मला पश्चात्ताप व्हायला हवा होता. होतोय तो हेवा. मेली तरी पुढेच.

१२ नोव्हेंबर
चर्च. खाली, वाळूत. अगदी पुढे रोवली, बाकी सगळ्यांच्या पुढे. नाव घेतलं. माझं.

१४ नोव्हेंबर
ताप. तरी आलो. काका पलीकडच्या खोलीत पट्ट्या दाबतायत. दर पट्टीसरशी माझा उजवा हात कागदावरून उठतो—

खुर्च्या दिसतात. नुसत्या पाठी. पुढे ती. मी पुढे जायला— तिने वळून पाहिलं. रागाने नाही.

“दादा, मागे.”

एकच रिकामी आहे. शेवटची.

काका हाक मारतायत. ल्यूबेन, ये, ऐक, आता खरा भरला—

हात उठतोय. ती श्वास ओढते आणि आम्ही