अगरबत्तीची काडी आणि भुसा ओढायचं मशीन

मी, माऊली बद्रीनाथ अंभोरे, वय सत्तावीस, शिक्षण नववी पास (दहावीच्या वर्गात चार महिने बसलो, मन बसलं न्हाई), धंदा जिथं मिळेल तिथं सुतारकी, मूळ राहणार टेंभुर्णी, ता. जाफराबाद, हल्ली मुक्काम बदनापूर, जि. जालना, हे मृत्युपत्र पुऱ्या शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता आणि सकाळपासून दोन चहा सोडून काही न पिता, माझ्या स्वतःच्या हातानं लिहितो.

लोक हसून राह्यलेत म्हणून कारण लिहितो. उद्या जालन्याला माझ्या नाकाचं ऑपरेशन आहे, आत मांस वाढलंय. भूल देणार आहेत, आणि भुलीच्या कागदावर "जीवास धोका झाल्यास" असं छापून त्याखाली माझी सही घेतली. थोरला भाऊ भारत म्हणाला, "नाकासाठी कोणी मृत्युपत्र करतं का? तुह्याकडं हाय काय द्यायला?" काय हाय ते खाली बराबर लिहिलं आहे.

१. टेंभुर्णीच्या रानात माझा जो हिस्सा निघतो तो भारतनं घ्यावा. तो तसाही त्यावर बसलेलाच आहे. भारत हा असा माणूस आहे की त्याला कुठलीही वस्तू दाखवा, तो आधी आत हात घालून बघतो की यात गहू किती मावतील. आमचं जुनं कपडे धुवायचं मशीन त्यानं असंच घालवलं. हिस्सा घे, पण माझ्या बाकी सामानाला हात लावायचा न्हाई.

२. माझी मोटारसायकल वाटूर फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं घ्यावी. तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त वेळ तोच बसलाय. वाटूरला मी अकरा दिवस कामाला होतो. तिथल्या मालकानं भुसा ओढायच्या व्हॅक्यूम मशीनचा फिल्टरच काढून फेकला होता. म्हणे, "फिल्टर काढला की जोरात ओढतंय." ओढतंय खरं, पण पुढून ओढलेलं मागून बाहेर येतं एवढं त्या माणसाला कळत न्हाई. ताज्या पॉलिशच्या दिवाणावर भुश्याचा थर बसला, त्यानं तो फुंकून बघितला, मंग मला म्हणाला, "तू शिंकला का?" मी त्याच दिवशी निघालो. असे मालक मी जिल्ह्यात सात पाहिले. शहाणा एकही न्हाई. विषय मोटारसायकलचा होता. तिची किक उजवीकडं दाबून मारावी लागते.

३. माझं भुसा ओढायचं मशीन, स्टीलच्या ड्रमचं, हे मी एका बंद पडलेल्या दुकानाच्या भंगारातून उचललं आणि स्वतः उभं केलं. ते मी चतुराबाई ज्ञानोबा खरात, राहणार बदनापूर, यांना देतो. मी त्यांना मावशी म्हणतो. बदनापूरला सोमेश्वर शेठच्या फर्निचरच्या कारखान्यात त्या घासाई करतात, म्हणजे पॉलिशच्या आधी कपाटं पेपरनं घासून गुळगुळीत करतात. प्लायचा भुसा पिठासारखा बारीक असतो. तोंडाला पदर बांधून तो थांबत न्हाई. मावशी संध्याकाळी खोकतात तेव्हा पदरावर लाकडाचा रंग येतो. मी तिथं असताना पाइपाचं तोंड त्यांच्या हाताजवळ बांधून ठेवायचो. मला काढल्यावर मशीनही माझ्यासोबत निघालं. तीन महिने झाले, त्या तशाच घासून राह्यल्यात. हे मला चांगलं वाटत न्हाई, पण मशीन माझं होतं.

मावशी, मशीन असं सांभाळायचं. ड्रम अर्धा भरला की रिकामा करायचा, काठोकाठ भरून शौर्य दाखवायचं न्हाई. फिल्टर बाहेर नेऊन, वाऱ्याकडं पाठ करून हळू झटकायचा. भिंतीवर आपटायचा न्हाई. धुतला तर दोन दिवस सावलीत वाळल्याशिवाय बसवायचा न्हाई, ओला बसवला की भुश्याची पोळी थापली जाते. फिल्टरवर जुन्या ओढणीचा तुकडा बांधला तर तो दुप्पट दिवस टिकतो. पाइपाला हात लावल्यावर झटका बसला तर भूत न्हाई, अर्थिंगची तार निसटली आहे. भुश्याची गोणी माणसापासून आणि मालापासून लांब, उघड्यावर ठेवायची. आणि विस्तवाची ठिणगीसुद्धा या मशीनच्या तोंडाजवळ न्यायची न्हाई.

हे शेवटचं वाक्य सोमेश्वर शेठला मी आठवड्यातून एकदा सांगायचो. शेठला सांगणं म्हणजे प्लायला सांगणं. त्यांनी एकदा सांडलेला चहा या मशीननं ओढला होता. एकदा कॉम्प्रेसरची हवा उलटीकडून मारून फिल्टर फाडला आणि म्हणाले, "आता बघ कसा नव्यासारखा झाला."

४. माझ्या पेटीत एका चुन्याच्या डबीत अर्धी जळालेली अगरबत्तीची काडी आहे. ती मी सोमेश्वर शेठ यांना देतो. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवावी.

ती कुठून आली ते लिहितो. मागच्या खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होती. रंधे, कटर, सगळ्यांना हळदकुंकू. शेठनं मला झेंडू आणायला पाठवलं. मी पंधरा मिनिटांत यायला पाहिजे होतो. पण स्टेशनबाहेर एक जण सायकलवर उसाच्या रसाचा चरक बसवून आल्ता, त्याची चेन कशी जोडली ते बघत मी दीड तास उभा राह्यलो. ही माझी चूक आहे, ती मी लिहून देतो. दुसऱ्या कोणी अजून स्वतःची लिहून दिलेली न्हाई.

मी आलो तेव्हा पूजा झाली होती, सगळे शेठच्या घरी जेवायला गेल्ते. मी पण गेलो. तिसऱ्या पोळीला धूर दिसला. लग्नाच्या ऑर्डरची चार कपाटं जळाली. आग कपाटांजवळच्या भुश्याच्या गोणीतून लागली. माणूस कोणी जळालं न्हाई. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "माऊल्यानं बिडी टाकली. ह्यो आगलाव्या हाय." बंद नाकाचा माणूस बिडी कशी ओढतो हे त्यांना कोणी विचारलं न्हाई. तेव्हापासून बदनापुरात माझं नाव आगलाव्या. परवा वाटूरच्या त्या फुंकणाऱ्या मालकाकडंसुद्धा जाऊन आलो. तो हसत म्हणाला, "नको बाबा, आमच्याकडं लाकूड हाय."

मशीन घरी नेऊन खोललं तेव्हा पाइपाच्या वाकणात ही काडी अडकलेली सापडली. पूजेत अगरबत्ती मशीनच्या तोंडात खोचली आणि शकुन म्हणून बटण दाबलं, दुसरं काही होऊ शकत न्हाई. टोकाचा विस्तव आत ड्रममध्ये गेला. बटण शेठशिवाय कोण दाबणार? पण मी तिथं नव्हतो. मावशी होत्या. मी एकदा विचारलं तर त्या पदर झटकत निघून गेल्या. मी परत विचारलं न्हाई.

५. माझ्या मागं माझी कुठलीही वस्तू, फोटो किंवा आठवण काढताना आगलाव्या हा शब्द कोणी वापरू नये. देण्यासारखं यापलीकडं माझ्याकडं काही न्हाई.

दुरुस्ती, आजच, तासाभरानं.

वरचं सगळं घेऊन मी तहसीलसमोर गिरिधरराव कुलकर्णी यांच्या टेबलावर आलो. ते अर्ज लिहून देतात. साक्षीसाठी मावशींना बोलावलं होतं. त्या कामावरून तशाच आल्या, भुश्यानं भुवया पांढऱ्या. गिरिधररावांनी कागद मोठ्यानं वाचला आणि चष्मा काढला.

"माऊली, ज्याला वस्तू द्यायची त्याचीच साक्ष घेऊ नये. उद्या भारतनं भांडण काढलं तर मशीन यांच्याकडून जाईल. एक तर बाईंना मशीन द्या, नाहीतर सही घ्या."

मी म्हणालो, "मंग मशीन द्या. सहीला दुसरा कोणी बघू."

मावशी म्हणाल्या, "थांब लेका. ते चौथं परत वाचा."

गिरिधररावांनी वाचलं. मावशी म्हणाल्या, "अगरबत्ती शेठनं खोचली. बटण त्यांनीच दाबलं. सर्रकन आत गेली, म्या पाह्यली. मंग म्हन्ले, सणाला ड्रम रिकामा करून ठेव. तो म्या गोणीत ओतला, कपाटापाशी. माह्या हातानं. म्हून तोंड शिवून बसले."

मी म्हणालो, "मावशी, ही सही केली तर शेठ कामावर ठेवणार न्हाई."

"न्हाई ठेवनार."

"आन् मशीनही जाईल."

"मशीन राहू दे तुह्यापाशी. सही कुठं करू ते सांग."

सबब कलम ३ मधलं मशीन चतुराबाईंना देण्याचं वाक्य रद्द. आता मी मेलो तर कायद्यानं ते भारतकडं जाईल, तो फिल्टर काढून फेकील आणि ड्रममध्ये गहू भरील. हे मला बिलकुल मान्य न्हाई. जिवंत माणसानं हातानं वस्तू दिली तर साक्षीदार लागत न्हाई, हे मी गिरिधररावांना दोनदा विचारून घेतलं आहे. तेव्हा उद्या भुलीतून उठणं मला भाग आहे. शेठनं काढल्यावर मावशी ज्या नव्या जागी घासाई करतील तिथं ते मशीन मी स्वतः नेऊन लावीन. उरलेली कलमं तोपर्यंत पेटीत राहतील. काडी मात्र शेठला आजच पोचती करतो.

लिहून देणार: माऊली बद्रीनाथ अंभोरे

साक्षीदार:
१. चतुराबाई ज्ञानोबा खरात. कलम ४ वाचून घेतलं. काडी जाताना म्या पाह्यली, भुसा म्या ओतला. माऊली तिथं नव्हता.
२. गिरिधर कुलकर्णी

ठिकाण: बदनापूर, जि. जालना
दि. ९ जानेवारी २०२६