सीटखालचा सतरा

सोमवार, ६ नोव्हेंबर १९९५

गाडी ट्रकमधून उतरवली. रोंदोने मॉडेल, क्रमांक १८, सन अडुसष्ट. इंजिन सीटच्या पाठीमागे, उंची माझ्या कमरेएवढी. मालक स्विस. रंग चारदा चढवलेला — मी थर मोजले.

ती बनवणारा रोंदिनारा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली, पण त्यांच्या गाड्या जगभरातून परत मोदेनालाच येतात, म्हाताऱ्या होऊन. गॅरेजच्या मालकीण ओरिएलाबाई म्हणाल्या, "लेअर्को, आमोस पत्रा काढेल, तू गाडीचा इतिहास लिही. जन्मापासून. तुझ्या शुद्धलेखनासाठीच तुला ठेवलंय, देखणा आहेस म्हणून नाही." माझी शाळा आठवीत सुटली. पण शब्दकोश टेबलावर असतो.

या गाडीला मी लगेच हात लावला नाही. बाबा रोंदिनारात होते. नवी गाडी तयार झाली की रस्त्यावर पळवून तपासायची, हे त्यांचं काम. अशाच एका गाडीत ते गेले, ऑक्टोबर अडुसष्टमध्ये, पानारो नदीच्या पुलाजवळच्या वळणावर. मी पाच महिन्यांचा होतो.

मंगळवार, ७

कारखान्याची जुनी यादी मिळाली. १५, १६, १८, १९. सतरा नाही. नसणारच. इथे इटलीत सतरा म्हणजे अपशकुन, तो कोण ठेवील? आमोस म्हणतो, "आमच्या जिन्याला सोळावी पायरी आहे आणि मग अठरावी. पोस्टमनसुद्धा तक्रार करत नाही."

मी हसलो. पण मीही सतरा तारखेला या वहीत लिहीत नाही. आजोबांनी लावलेली सवय. ते त्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत.

गुरुवार, ९

अक्षर वाईट येतंय. 

चालकाची सीट काढली. खाली एक बारीक नळी आहे, लांबीने पुढून मागे गेलेली. तिच्यावरचा रंग खरवडला, तर आकडे दिसले. आधी १. मग ७.

आमोसने खिशातल्या किल्ल्या मुठीत धरल्या — लोखंडाला हात लावला की अपशकुन टळतो म्हणून. माझ्या हातात तर अख्खी लोखंडी गाडी होती, आणि मीच हात काढून घेतला.

आकडा जिथे असतो त्या पुढच्या पट्टीवर १८ आहे, स्वच्छ. मग हा १७ इथे कोणी मारला? कोणी, हे मला माहीत आहे. त्या सातच्या पोटात छोटी आडवी रेघ आहे. असे ठसे एकाच माणसाने स्वतः घासून बनवले होते. रोंदिनारात गाड्यांवर आकडे मारायचं काम आजोबांकडे होतं.

शुक्रवार, १०

विचारलं नाही. सूपमधले सारण भरलेले छोटे तोर्तेल्लीनी चमच्याने ढकलत बसलो. आजोबा म्हणाले, "जेवतोस की त्यांची हजेरी घेतोस?"

रविवार, १२

विचारलं.

आजोबांनी कांदा चिरणं थांबवलं नाही. म्हणाले, "सतरा होती. कारखान्याचा मालक म्हणाला क्रम मोडायचा नाही, सरकारी कागद आहेत. पण तुझा बाप, नेरियो, सतरामध्ये बसला नसता. आणि बसला असता तर घाबरून बसला असता, आणि घाबरलेल्या माणसाने ती गाडी चालवू नये. म्हणून त्याच्या नजरेला पडू नये असा, सीटखाली मारला. पुढच्या पट्टीवर नंतर मारणार होतो, तो परत आल्यावर."

मग म्हणाले, "सतराने खाल्लं त्याला."

मी म्हटलं, "तुम्ही तर सांगायचात की ती गाडी भंगारात गेली."

"मालकाने पुन्हा उभी केली. अठरा म्हणून विकली. पुढच्या पट्टीवरचा अठरासुद्धा माझाच, बाळा."

म्हणजे आठवडाभर मी ज्या गाडीत हात घालून बसलोय, ती तीच, बाबा गेले ती. मी उठून नळाखाली हात धुतले. आजोबा बघत होते. नको होतं धुवायला.

सोमवार, १३

गावात बाबांबद्दल एकच गोष्ट सांगतात. दुपारच्या जेवणात लांब्रुस्को वाइनची बाटली संपवली आणि वळणावर पेडलवरून पाय उचललाच नाही. शाळेत मुलं मला 'बाटलीचा' म्हणायची. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की तो कामाच्या दिवशी पाणीच प्यायचा. कोणी ऐकलं नाही. बारमध्ये कोणी ती गोष्ट काढली की आजोबा हातातले पत्ते ठेवून घरी येतात. 

मंगळवार, १४

आज कळलं. क्रमाने लिहितो, नाहीतर जमणार नाही.

इंजिन मागे असल्यामुळे वेगाच्या पेडलपासून तिथपर्यंत तार न्यावी लागते. पाय दाबला की तार ओढली जाते, पाय उचलला की ती परत गेली पाहिजे. रोंदोनेमध्ये ही तार सीटखालच्या त्याच बारीक नळीतून जाते. या एका गाडीत मात्र ती नळी रिकामी आहे, आणि शेजारून दुसरी नळी नव्याने टाकली आहे. का, ते यादीत नाही.

मी जुन्या नळीत तार घालून पाहिली. अर्धी ओढली — परत गेली. पूर्ण ओढली — गेली नाही. नऊदा केलं. नऊपैकी सहादा अडकली. आत दिवा घालून पाहिलं. बाहेरून जिथे ७ ठोकला आहे, तिथे आत पत्रा दबून टोक आलं आहे. तार तिथेच धरली जाते, आणि पाय उचलला तरी वेग उतरत नाही.

बाबांनी पाय उचलला होता.

इतर गाड्यांवर आकडा जाड पट्टीवर आहे. तिथे कितीही ठोका, काही होत नाही. फक्त सतरा लपवायचा होता.

बुधवार, १५

ओरिएलाबाईंना दाखवलं. त्यांनी स्वतः तार ओढली, मग स्टुलावर बसल्या.  

"लिही," म्हणाल्या. "जे आहे ते. गिऱ्हाईक स्विस आहे, त्याला सतरा म्हणजे सोळा अधिक एक."

"आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, बाई."

"आणि तुझा बाप चोवीसचा. त्याने किती वर्षं दारुडा राहायचं?"

आमोस तेवढ्यात आत आला आणि आमची तोंडं बघून परत गेला.

गुरुवार, १६

इतिहासाची दोन पानं लिहिली. एकात तार आहे, एकात नाही. दोन्हींत शुद्धलेखनाची चूक नाही. तार असलेलं पान छापलं की गाव बाबांना सोडेल. पण ते आजोबांनाही वाचावं लागेल.

आजोबांना एवढंच सांगितलं की गाडी उघडी करून ठेवली आहे, बघायची असेल तर या. म्हणाले, गुडघे दुखतात.

उद्या लिहिणार नाही.

शुक्रवार, १७

आजोबा आले. आज, धुक्यातून, एकटे चालत. ओरिएलाबाईंनी आमोसला बाहेर नेलं. आजोबा गाडीशेजारी गुडघे टेकून बसले, जुन्या नळीवर बोट फिरवत मागे गेले आणि सातवर थांबले.

म्हणाले, "तार अजून इथेच अडकते का रे?"

मी त्यांना तारेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.