बाजारचे मीटबॉल

प्रिय अस्सुंता,

प्रिय लिहिलंय ते सवयीनं. त्यावरून माझा राग गेला असं समजू नकोस. आज सकाळपासून तर तो जास्तच चढलाय. तू फोन उचलत नाहीस, दार वाजवलं की टीव्ही बंद करून आत गप्प बसतेस. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. बंद पाकीट न फोडता ठेवशील, एवढा धीर तुझ्यात नाही.

बाहेर बर्फ पडतोय आणि मी सूप लावलंय. गाय आणि डुकराचा खिमा, दुधात भिजवलेला पाव, अंडं, लसूण, परमेसान चीज, सगळं आपल्या नेहमीच्या मापानं. मीटबॉल एकटीनं वळले. पाठीचा काटा ढिला झाला, बाई! दर वेळी समोर तू असायचीस. माझा मीटबॉल जरा मोठा झाला की म्हणायचीस, "फिलोमेना, हा काय घोड्याला घालायचाय?" आज कोणी बोललं नाही, तर मुद्दाम दोन-चार मोठे केले. आता सगळं स्लो कुकरमध्ये रटरटतंय. कार्माइन घटकेघटकेला झाकण उघडून वास घेतो. "अरे, वाफ जाते, संध्याकाळपर्यंत शिजायचं नाही!" म्हणून ओरडले, तर म्हणतो, "भावजयीवरचा राग नवऱ्यावर कशाला काढतेस?"

का नको काढू? टेसा माझी एकुलती एक नात, आणि तिच्या लग्नाचं जेवण होतं ते. आपल्या गावात लग्नाचा केक फसला तर लोक हसून सोडून देतात, पण लग्नातलं मीटबॉलचं सूप फसलं की वर्षानुवर्षं बोलतात. मीटबॉल तू करणार हे तूच हक्कानं सांगितलंस. मला स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाहीस. आणि वाढलंस काय? पिशवीतले, बर्फात गोठवलेले, कारखान्यातून आलेले मीटबॉल! सगळे एकसारखे, रबरासारखे. टेसाच्या सासूनं एक चमच्यात घेतला, उलटसुलट बघितला आणि हळूच बाजूला सारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणालीस, "कंटाळा आला मला. तुमच्या घरची मोलकरीण नाही मी."

अगं, रोको गेला तेव्हा दफनाला आलेल्या सगळ्या माणसांसाठी तू स्वतःच्या हातानं सूप केलंस. शवपेटीत होता तो तुझा नवरा आणि माझा भाऊ. मी नको नको म्हणत होते, तरी तू वळत बसलीस. त्या तुला कंटाळा येतो? तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी तणतणत घरी आले आणि भेटेल त्याला तुझी गाऱ्हाणी सांगत सुटले. तू एका शब्दानं उलटून बोलली नाहीस. त्याचाही मला रागच आला.

आज प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत होते. तू कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून. कप दोन्ही हातांनी धरला होतास, तरी कॉफी बशीत सांडत होती. रुमालानं टिपायला गेलीस, तर रुमालही थरथरायला लागला. मग दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसलेस आणि कॉफी तशीच टाकून जिना चढून गेलीस. मी घरी येऊन खिमा मळायला घेतला आणि रडले. मग परत संताप आला. सगळ्या गावापुढे आळशी ठरलीस, माझ्या शिव्या खाल्ल्यास, पण हात कापतात एवढं मला सांगितलं नाहीस! मी काय परकी आहे? मीटबॉल वेडेवाकडे झाले असते तर कोणाचं काय जाणार होतं? चांगली मोठाली ढेकळं वाढली असती टेसाच्या सासूला!

आता मुकाट्यानं ऐक. हे पत्र आणि सूपचा डबा कार्माइन तुझ्या दाराशी ठेवून जाईल. मंगळवारी सकाळी मी गाडी घेऊन येतेय, मोठ्या इस्पितळातल्या नसांच्या डॉक्टरची वेळ मिळालीय. टीव्ही बंद करून लपलीस तर शेजाऱ्यांना गोळा करीन, सांगून ठेवते. वेळ घेताना तिथल्या मुलीनं विचारलं, पेशंट तुमची कोण? मी म्हटलं, बहीण. आता ते त्यांच्याकडे तसंच लिहिलंय, आणि मी काही ते बदलणार नाही.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरीही तुझीच,
फिलोमेना