उलट्या डोंगरात खिडकी पाडण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख साहेब,
शहर क्षितिजरेषा आकर्षण कक्ष,
सातारा.

विषय : चौकातील चाळीस फुटी फलकात चार बाय तीन फुटांची खिडकी पाडण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. २९ डिसेंबर व दि. १२ जानेवारीचे अर्ज.
२) त्यावर आलेले आपल्या कक्षाचे एकच उत्तर.

अर्जदार : सौ. धोंडुबाई बिराप्पा सरगर, वय ६९, मूळ गाव आटपाडीकडे, हल्ली मुक्काम सातारा.

महोदय,

१) सर्वप्रथम आपल्या कक्षाचे अभिनंदन. लहान शहराचे आकाश मोठ्या शहरासारखे इमारतींनी भरलेले नसते, डोंगराची कड घरबसल्या दिसते, हे आकर्षण लोकांना समजावे म्हणून आपण डिसेंबरात आमच्या चौकात फलक उभारला. त्यावर अजिंक्यताऱ्याचा फोटो आहे, पुढे उद्घाटनाच्या पाहुण्यांचा आहे आणि खाली लिहिले आहे : ‘आपल्या शहराची क्षितिजरेषा, डोळे भरून पाहा!’ फलक बरोबर अजिंक्यताऱ्याच्या पुढ्यात उभा आहे. त्यामुळे खरा डोंगर मध्ये येत नाही आणि लोकांना फोटो नीट पाहता येतो. मी चौसष्टाव्या वर्षी नात उत्कर्षाजवळ बसून अक्षरे शिकले, म्हणून मला हे वाचता आले. शिकले नसते तर नुसता डोंगर गेल्याचे दुःख झाले असते, कारण कळले नसते.

२) माझे पती बिराप्पा, वय ७६, यांनी पन्नास वर्षे मेंढरे राखली. आटपाडीच्या माळावरून कोकणाच्या तोंडापर्यंत दर साल जाणे-येणे. वाटेत ना पाटी, ना फोन. आमच्यात वाट सांगायची रीत अशी की, अमुक डोंगर डाव्या खांद्याला ठेव, तमुक सुळका उजव्या डोळ्यापुढे धर, की मुक्काम येतो. सहा वर्षांमागे मुलगा इंद्रजितने आम्हाला साताऱ्यास आणले. पहिल्याच दिवशी यांनी अंगणातून वर अजिंक्यताऱ्यावरच्या टीव्ही टॉवरकडे पाहिले आणि म्हणाले, “टावर उजव्या हाताला. चौकातनं टावरच्या अंगाचा रस्ता धरला की घर. झालं, शिकलो तुमचं सातारा.”

३) तीन वर्षांपासून यांची आठवण कमी होत आहे. जेवले का, हे आठवत नाही. कोणते साल, ते आठवत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बाहेर सोडू नका म्हणाले. पण माळ बघितलेला माणूस खोलीत कोंडला तर आठ दिवसांत संपतो, हे डॉक्टरांना कोणी शिकवलेले नाही. म्हणून रोज चार वाजता हे चौकापलीकडच्या मैदानावर शेळीवाल्या नाथाजीच्या कळपात जाऊन बसत आणि साडेपाचला परत येत. घराचा क्रमांक विसरले, कॉलनीचे नाव विसरले, पण टॉवर विसरले नाहीत. एक दिवस चुकले नाहीत.

४) फलक लागल्यापासून तीन वेळा चुकले. कारण फलकावरचा टॉवर डाव्या हाताला आहे.

५) मला वाटले, माझीच नजर गेली. म्हणून आपल्या कक्षात येऊन लेखनिक देवदत्त यांना विचारले. मुलगा सभ्य आहे, त्याने मला खुर्ची दिली आणि सगळे खरे सांगितले. “आजी, फोटो मुद्दाम उलटा केलाय. सरळ ठेवला तर उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या डोक्यातून टॉवर उगवत होता.”

मी म्हटले, “मग पावणं सरकवायचं की रं. डोंगर कशाला सरकवला?”

तो म्हणाला, “पाहुण्यांचा फोटो वरून मंजूर होऊन आलाय, आजी. डोंगराला कुणाची मंजुरी लागत नाही.”

साताऱ्यात एवढी वर्षे राहून मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. आता लक्षात ठेवली आहे.

६) तर साहेब, माझा माणूस चौकात येतो, टॉवर शोधतो, आपण छापलेला टॉवर त्याला डाव्या हाताला सापडतो, आणि तो डावा रस्ता धरतो. डावा रस्ता महामार्गाला जातो. पहिल्या वेळी पेट्रोल पंपावर मिळाले. दुसऱ्या वेळी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने ओळखून आणले. तिसऱ्या वेळी, २३ जानेवारीस, महामार्गाच्या मधल्या दुभाजकावर उभे होते, दोन्ही बाजूंनी कंटेनर जात होते. इंद्रजितने हाताला धरून विचारले, “आप्पा, कुणीकडं निघाला हुता?” तर म्हणाले, “घरला. डोंगर बरूबर हाय, घरच कुणीतरी हलीवलंय.”

७) माझ्या पहिल्या अर्जास उत्तर नाही. दुसऱ्या अर्जास आले, त्यातील मजकूर असा : ‘सदर फलकावर डोंगर ठळकपणे उपलब्ध असल्याने डोंगर दिसत नाही हे अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. तसेच डोंगर कोणत्या बाजूने दिसावा याबाबत या कक्षाचे धोरण निश्चित झालेले नाही.’ मी हे उत्तर यांना वाचून दाखवले. यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “शिकल्याली माणसं हायेत का?” मी होय म्हटले.

८) सांगलीस माझी मुलगी माया असते. तिथेही आपला हाच फलक लागला आहे. हाच अजिंक्यतारा, हाच उलटा टॉवर. सांगलीला डोंगर नाही, तिथली कड सपाट आहे. नदीकाठ, देवळाचा कळस, लांब एखादे कारखान्याचे धुराडे, एवढेच. पण मी गेले की मायाच्या गच्चीवरून ते पाहत बसते, कारण संध्याकाळी ती रेघ दुरून कोणीतरी सावकाश ओढल्यासारखी दिसते. लहान शहराचे सुख एवढेच असते, साहेब. आकाशाखालची रेघ आखूड असते, माझ्यासारख्या अडाणी बाईचीही पाठ होते, आणि पाठ झाली की माणूस त्या गावचा होतो. सांगलीकरांना आपण डोंगर दिलात. माया म्हणते, “आई, पुराच्या वेळंला चढायला बरा पडंल.”

९) फलक काढा असे मी म्हणत नाही. पाहुण्यांचा मान राहिला पाहिजे. फोटो सरळ करून मिळावा. ते अवघड असल्यास अजिंक्यतारा फिरवून फोटोप्रमाणे करून मिळावा, त्याला मंजुरी लागत नाही असे समजते. तेही जमत नसल्यास आमचे घर उचलून डाव्या रस्त्याला, महामार्गाच्या अलीकडे, ठेवून मिळावे. यांपैकी काहीच होणार नसेल तर फलकाच्या उजव्या अंगाला, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, विषयात लिहिलेली खिडकी पाडण्यास परवानगी मिळावी. तिथे पाहुण्यांच्या पलीकडे नुसते छापील आभाळ आहे.

१०) आता एक गोष्ट कळवणे भाग आहे. २३ तारखेलाच इंद्रजितने यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्याला कामावर जावे लागते. हे अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. बाराव्या दिवशी भाकरी नको म्हणाले. म्हणून गेल्या मंगळवारी, दि. ३ रोजी, दुपारी मी लोकर कातरायची कातर घेतली आणि चौकात गेले. फलकाची खालची कड माझ्या कमरेला लागते, त्यामुळे स्टूल लागले नाही. फ्लेक्स लोकरीपेक्षा सोपा कापला जातो, हे आपल्या माहितीसाठी. चौकातल्या एकाने विचारले, “आवं मावशी, परवानगी हाय का?” मी सांगितले की अर्ज चालू आहे.

त्याच दिवशी चार वाजता मी दाराची कडी काढली. हे मैदानावर गेले. मी लांबून मागे गेले, जवळ गेले नाही. साडेपाचला चौकात आले, फलकासमोर उभे राहिले, मग खिडकीपाशी गेले आणि हात टेकून आत पाहिले. बराच वेळ पाहत होते. “हाय की जाग्यावर,” म्हणाले आणि उजव्या रस्त्याला लागले. वाटेत एकदाही थांबले नाहीत. दाराशी येऊन चपला काढल्या, पाय धुतले, माझ्या हातचा चहा घेतला आणि आदबीने विचारले, “बाई, तुमी कुणाच्या?”

घर त्यांना बरोबर सापडले होते. बाकीच्याबद्दल या अर्जात काही मागणे नाही.

११) तरी वरील खिडकीस झालेल्या तारखेपासून परवानगी द्यावी. दंड असल्यास लिहावे, मी स्वतः येऊन भरीन. फलक बदलून नवा लावायचा झाल्यास मात्र चार ते साडेपाच या वेळेत लावू नये. त्या वेळेस यजमान वाटेत असतात.

उत्तर येईपर्यंत खिडकीची राखण करीत असलेली,
आपली अर्जदार,

धोंडुबाई बिराप्पा सरगर
(सही स्वतःच्या हाताची आहे, अंगठा नाही.)

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६
ठिकाण : सातारा

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
२) आपल्या कक्षाच्या उत्तराची प्रत.
३) कापलेले आभाळ, चार बाय तीन फूट, घडी करून.