प्रकार न लिहिलेल्या चौदा नोंदी

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, त्यामुळे मी पुढे काय काम करायला लागले हे तुम्हाला ठाऊक नाही. कालपासून ऑफिसात सगळे माझं कौतुक करतायत, आणि मला ते ऐकवत नाही. घरी अव्वाला सांगितलं तर ती घाबरेल, आईचं काळीज. म्हणून तुम्हाला लिहितेय.

शाळेत जायच्या आधीच मी वाचायला शिकले, ते भवानी पेठेतल्या आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. तुम्ही बोट ठेवायचात, मी वाचायचे: हिरडा, बेहडा, सुंठ, वावडिंग. सगळं बरोबर आलं तर ज्येष्ठमधाची एक काडी. सात वर्षांची असेन, तुम्ही वळसंगला गेला होता आणि मी दुकान आवरत होते. एका पुडीवर नाव नव्हतं. आत काड्या, अगदी ज्येष्ठमधासारख्या. मी त्या ज्येष्ठमधाच्या डब्यात ओतल्या आणि शाबासकीची वाट बघत बसले. तुम्ही येता, फळीकडे बघता. "हितली पुडी कुटं हाय?" "डब्यात घातली की, अप्पा." "कोण सांगितलं तुला ते ज्येष्ठमध हाय म्हणून?" "तसंच दिसतंय की." "तुझी आत्या लांबनं अव्वासारखीच दिसती. म्हणून तिला अव्वा म्हणतीस व्हय?" मला हसू येतं, पण तुम्ही हसत नाही. अख्खा डबा चटईवर पालथा करता, काड्या निवडून बघता, आणि शेवटी सगळ्याच बंबात घालता. "नाव न्हाय ते बाजूला ठेवायचं आणि विचारायचं. जवळच्या डब्यात ढकलायचं न्हाय. कुणाच्या तरी पोटात जातंय ते."

आता मी एका दवाखान्याच्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणते. जुन्या नोंदी एक्सएमएलमध्ये आहेत, म्हणजे प्रत्येक माहितीच्या पुढे-मागे तिचं नाव लिहिलेलं असतं. माझा प्रोग्राम ते वाचून प्रत्येक नोंदीचा एक ऑब्जेक्ट बनवतो. तो कोणत्या क्लासचा, म्हणजे कोणत्या साच्यातला, ते आम्ही आधी ठरवून दिलेलं असतं. 'नोंद' हा वरचा क्लास, त्याच्याखाली तपासणी, औषध, ॲलर्जी. खालच्या क्लासला वरच्याचं सगळं मिळतं आणि स्वतःचं थोडं जास्त असतं. ॲलर्जीचं जास्तीचं म्हणजे कोणतं औषध चालत नाही ते, आणि पडद्यावरची लाल पट्टी. काही जुन्या नोंदींवर प्रकारच लिहिलेला नव्हता आणि प्रोग्राम तिथं अडायचा. मी एक ओळ लिहिली: प्रकार नसेल तर साधी 'नोंद' समज. प्रोग्राम सुरळीत चालला. ऑफिसातले सर म्हणाले, "बघा, रडत न्हाय की कुठं. लई गुणाचं लेकरू हाय तुझं." मला बरं वाटलं. साध्या नोंदीत तारीख आणि डॉक्टरांचं नाव एवढंच येतं, बाकीचं गळून जातं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही.

काल सहज एक जुनी फाइल नव्या नोंदीशी ताडून पाहिली. जुन्या फाइलीत ॲलर्जी होती, नव्या पडद्यावर नुसती तारीख. शोधल्यावर अशा चौदा निघाल्या, आणि दवाखान्यात नवं सॉफ्टवेअर सोमवारपासून चालू झालेलं होतं. मी फोन केला. सिस्टरबाईंना नाव आणि न चालणारं औषध अशी यादी वाचून दाखवायला लागले. पाचव्या नावाला त्या ओरडल्या, "अगं बाई! मैंदर्गीची मावशी ती! तिला चारला पेनिसिलिन लिहिलंय की!" त्यांनी फोन टेबलावर टाकला. मला पळणारी पावलं ऐकू आली, मग कुणाचा तरी आवाज, मग नुसता पंखा. घड्याळात पावणेचार. त्या परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. "सुई भरून ठेवली होती ग. मावशी ग्लानीत हाय, विचारणार कुणाला? लाल पट्टी न्हाय म्हटल्यावर आमी काय समजणार? देवासारखा फोन केलास बघ."

ती ओळ मी काढली. आता प्रकार नसलेली नोंद आत जात नाही, बाजूला थांबते, आणि माणूस बघतो. चौदाही नोंदी दुरुस्त झाल्या. अहवालात चूक माझी, ओळ माझी, हे मी स्वच्छ लिहिलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक कुणाचीबी होती. कळल्या कळल्या फोन उचलला, ह्याला म्हणतात जबाबदारी."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं तरी खरं लिहिते. अहवालात 'चूक लक्षात आली' यापुढे मी तीन चाळीस ही वेळ घातलीय. मला ती बारा वाजून दहा मिनिटांनी कळली होती. नोकरीवर कायम व्हायला अजून दोन महिने आहेत, तेवढंच डोक्यात होतं. साडेतीन तास मी त्याच चौदा फाइली उघडत होते, मिटत होते, आणि खात्री करून घेतेय असं स्वतःला सांगत होते. खात्री पहिल्याच फाइलीला झाली होती. मध्ये मी जेवलेसुद्धा, अप्पा. पोटभर जेवले.